सड्यावरच्या नोंदी कुणाच्या?

१४ जून २०२४

संपादकांचं पत्र आलं. निबंध स्वीकारलाय, पण एक अट आहे. निबंधामागचा सगळा कच्चा डेटा सार्वजनिक भांडारात ठेवायचा आणि त्या भांडारातला कायमचा क्रमांक निबंधात छापायचा. 'लेखकांकडे मागणी केल्यास डेटा मिळेल' हे वाक्य त्यांना चालणार नाही. आम्ही मसुद्यात तेच लिहिलं होतं, कारण वर्षानुवर्षं सगळे तेच लिहीत आले आहेत.

हा डेटा म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या नोंदी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकटी कातळावर आखलेल्या. पावसाळाभर त्यांत काय उगवलं, किती उगवलं, कधी फुललं, मातीचा थर केवढा होता, पाणी किती दिवस साचून राहिलं. मे महिन्यात ज्या कातळावर पाय ठेववत नाही, तिथे जुलैत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू यांचे गालिचे पसरतात आणि ऑक्टोबरात पुन्हा सगळं करपून जातं. हे चक्र दरवर्षी सारखं नसतं. ते कसं बदलतं हे सांगणाऱ्या सलग नोंदी आमच्या सड्यांबद्दल फार थोड्या आहेत, त्यातल्या काही आमच्याकडे आहेत.

माझ्या विद्यार्थिनीने पत्र वाचलं. "मॅडम, माझं तिसरं प्रकरण याच नोंदींवर आहे. आत्ताच सगळं टाकलं तर?" पुढे ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

१६ जून

'मागणी केल्यास मिळेल' या वाक्याचं काय होतं, हे आता मोजलं गेलंय. २०२२ साली क्रोएशियातल्या संशोधकांनी असं वचन देणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना पत्रं लिहून डेटा मागितला. मिळाला १२२ जणांकडून. त्याआधी २०१४ मध्ये टिमोथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी वनस्पती आणि प्राण्यांवरचे ५१६ निबंध घेतले, २ ते २२ वर्षं जुने. निबंध जसजसा जुना होतो तसतशी त्याचा डेटा हाती लागण्याची शक्यता दरवर्षी १७ टक्क्यांनी घटत जाते, असं त्यांना दिसलं. यात सगळ्यांनी लपवाछपवी केली असं नाही. ईमेलचे पत्ते बदलतात, संगणक बंद पडतात, फ्लॉपी वाचणारं यंत्र उरत नाही, माणसं निवृत्त होतात.

माझ्या उमेदीच्या काळात एका ज्येष्ठ अभ्यासकांकडे मी कोकणातल्या पठारांच्या जुन्या नोंदी मागितल्या होत्या. त्यांनी 'बघतो' म्हणून कळवलं. ते गेल्यावर मी त्यांच्या घरच्यांशी बोलले, तेव्हा कळलं की वह्यांची पेटी माळ्यावर होती आणि तिला वाळवी लागली होती. एका माणसाने उभ्या पावसाळ्यांत पायपीट करून जमवलेलं सगळं मातीला मिळालं. त्यांनी छापलेले निबंध ग्रंथालयात आहेत, पण त्यांत फक्त सरासरी आहेत. १९८० च्या दशकात अमुक कातळावर अमुक फूल होतं की नव्हतं, हे सरासरीवरून कळत नाही.

त्यामुळे डेटा द्यायचा की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी निम्मा सुटलेला आहे. उरलेला निम्मा अवघड आहे.

२१ जून

सड्यावर गेलो. पाऊस उघडला होता. दीपकाडी फुलली आहे. पांढरी शुभ्र फुलं, गवतासारखी पानं, खाली कांदा. ही जात फक्त कोकणातली, आणि कोकणातही मोजक्याच सड्यांवर.

गुरं घेऊन आलेले आबा भेटले. कुठली फुलं कुठे येतात हे मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. आमच्या निम्म्या चौकटी त्यांच्या बोटावर आखलेल्या आहेत. म्हणाले, "बाय, गेल्या सालाला दोघं गाडीतनं आलं होतं. मोबाइलवर फोटू दाखवून इचारत होतं, ह्ये फूल खंय गावतं म्हणून. मी सांगितलं नाय." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू लिवतंस त्यात जागा लिवतंस काय?"

मी म्हटलं, "अजून ठरवलेलं नाही."

नेमका हाच स्तंभ आहे आमच्या तक्त्यात. प्रत्येक चौकटीचे अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हानंतर पाच आकडे. म्हणजे अनोळखी माणूस मोबाइल हातात धरून थेट त्या फुलापाशी जाऊन उभा राहील. कांदा उपटायला खुरपंसुद्धा लागत नाही. एवढ्याशा मातीत बोटांनी निघतो.

२४ जून

दक्षिण चीनमधल्या एका पालीची गोष्ट विद्यार्थिनीला सांगितली. गोनिउरोसॉरस लुई. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं, सापडल्याच्या जागेसह. पाळीव सरडे-पाली विकणाऱ्यांनी तो निबंध वाचला. २००६ पर्यंत मूळ जागेवरून ती पाल नाहीशी झाली होती. वर्णन करणाऱ्यांनी रीतीप्रमाणेच सगळं केलं होतं. जागा सांगणं हा वर्णनाचा भागच असतो.

२०१७ च्या मे महिन्यात डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की दुर्मिळ जातींच्या नेमक्या जागा छापणं थांबवा. दोनच महिन्यांत त्याच नियतकालिकात अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांचं उत्तर आलं: जबाबदारीने छापा, पण छापा, जागा कुणालाच माहीत नसेल तर तिथे धरण, रस्ता, खाण येताना कोण अडवणार? मी दोन्ही पुन्हा वाचले. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पहिल्या बाजूची होते.

यावर रूढ झालेला उपाय म्हणजे जागा धूसर करणं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातीची नोंद टाकली की ती ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते. उत्तर-दक्षिण साधारण २२ किलोमीटर. ॲमेझॉनच्या जंगलात हे पुरेल. आमच्याकडे? कोकणपट्टी किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंत फार रुंद नाही. त्या चौकोनात मोठे सडे मोजकेच. त्यात नोंदीसोबत 'जांभ्याचं पठार, समुद्रसपाटीपासून इतके मीटर, शेजारी तळं' असं लिहिलं असेल तर उपग्रहाच्या चित्रावर तो सडा शोधायला संध्याकाळही लागणार नाही. म्हणजे आकडे झाकले आणि वर्णन उघडं ठेवलं तर झाकल्याचा काही उपयोग नाही. उंची, मातीची खोली, फोटोच्या पार्श्वभूमीतलं देऊळ, सगळं एकत्र तपासावं लागेल.

२ जुलै

विभागात चहाच्या वेळी विषय निघाला. एक सहकारी तावातावाने बोलले. "आपण जळवा चावून घ्यायच्या, आणि परदेशात कुणीतरी एसीत बसून चार तासांत निबंध लिहायचा. त्याला नाव, आपल्याला तळटीप."

त्यांचा राग खरा आहे. २०१६ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या संपादकीयात डॅन लाँगो आणि जेफ्री ड्रेझन यांनी हीच भीती मांडली होती. दुसऱ्यांच्या डेटावर जगणाऱ्यांना काही जण 'संशोधन-परजीवी' समजतात, असं त्यांनी लिहिलं. त्यावर जगभरातून टीका झाली. पुढच्याच वर्षापासून, जुना डेटा उत्तम रीतीने पुन्हा वापरणाऱ्यांना त्याच नावाने एक पुरस्कार द्यायला लागले. पण टीका करणारे बहुतेक संगणकावर काम करणारे होते, हेही खरं. ज्याने डेटा गोळा केला त्याची भीती पुरस्काराने जात नाही.

खगोलशास्त्रज्ञांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवला. खोडदची आपली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिच्यावर ज्याला निरीक्षणाचा वेळ मिळतो, त्याला डेटावर १८ महिने एकट्याचा हक्क असतो. मग तो सगळ्यांसाठी खुला. हबल दुर्बिणीसाठी हा अवधी अनेक वर्षं १२ महिन्यांचा होता. ज्याने प्रश्न विचारला, प्रस्ताव लिहिला, त्याला पहिला घास. त्यापुढे दुर्बीण बांधणाऱ्या जनतेचा हक्क सुरू होतो.

याचं फळ किती मोठं असतं, तेही खोडदलाच दिसलं. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पाहून घेतलं. तो कच्चा डेटा संग्रहात होता. ह्युइब इन्टेमा आणि सहकाऱ्यांनी त्यावर स्वतंत्रपणे, नव्या पद्धतीने प्रक्रिया केली, आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी जगासमोर आली. निरीक्षणं खोडदची, प्रक्रिया दुसऱ्यांची, आणि ती यादी आज कुणीही वापरतं. यात जीएमआरटीचं काय गेलं? तिचं नाव प्रत्येक निबंधात येतं.

सहकारी म्हणाले, "त्यांच्याकडे दुर्बीण आहे. आपल्याकडे छत्री आहे." मला हे पटलं. दुर्बिणीला नवा डेटा रोज मिळतो. माझ्या विद्यार्थिनीकडे एकच प्रबंध आहे.

४ जुलै

विद्यार्थिनीने विचारलं, मग जीनोमवाल्यांनी का थांबायचं नाही असं ठरवलं? तिने वाचलंय. १९९६ च्या फेब्रुवारीत बर्म्युडा बेटावर मानवी जीनोम प्रकल्पातले लोक जमले. जॉन सल्स्टन आणि बॉब वॉटरस्टन यांच्या आग्रहाने ठरलं की १,००० अक्षरांहून लांब जुळणी तयार झाली की २४ तासांत ती सार्वजनिक करायची. निबंधाची वाट पाहायची नाही.

मी तिला सांगितलं की त्यामागे पेटंटची भीती होती. कुणी एकाने जनुकांवर मालकी सांगण्याआधी ती सगळ्यांची व्हायला हवी होती. आणि दुसरी गोष्ट, ते मोठ्या केंद्रांचं काम होतं. अनुक्रम लावणाऱ्याची नोकरी एका निबंधावर अवलंबून नव्हती. नियम चांगला होता, पण तो कुणाला परवडत होता तेही पाहायला हवं. तिच्यासारख्या शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या, अजून पदवी न मिळालेल्या मुलीला २४ तासांचा नियम लावणं अन्याय ठरेल.

मात्र एक अपवाद मी मानते. साथ. ११ जानेवारी २०२० रोजी झांग योंगझेन यांनी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत नव्या करोना विषाणूचा जीनोम जगाला दिला. दुसऱ्याच दिवशी झांग यांची शांघायची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करण्यात आली. त्या अनुक्रमावरून जगभर चाचण्या आणि लशी आखल्या गेल्या. आणि आपल्याकडे, २०२१ च्या एप्रिलअखेरीस, दुसरी लाट भरात असताना, शेकडो भारतीय शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे विनंती करावी लागली की चाचण्यांचा तपशीलवार डेटा अभ्यासकांना खुला करा. माणसं मरत असताना 'आधी आमचा निबंध' किंवा 'आधी आमची परवानगी' याला जागा नाही.

११ जुलै

दिवसभर तक्ता साफ करतोय. ज्याने कधी डेटा उघडा केला नाही त्याला वाटतं की फाइल चढवली की झालं. खरं काम त्याआधी असतं. रिकामा चौकोन म्हणजे झाड नव्हतं, की त्या दिवशी चौकटीपर्यंत पोहोचता आलं नाही? आम्हाला माहीत आहे, कारण आम्ही तिथे होतो. दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कळणार नाही. तो सगळ्या रिकाम्या जागा शून्य धरेल आणि सड्यावरून एखादी जात नाहीशी झाली असा निष्कर्ष काढेल. म्हणून 'नव्हतं' तिथे शून्य, 'गेलो नाही' तिथे वेगळी खूण. जातींची नावं बदललेली असतील तर जुनं नाव शेजारी. मातीची खोली कुठल्या पट्टीने, कुठल्या जागी मोजली. हे सगळं सोबतच्या टिपणात.

या कामाला ना पगारवाढ, ना बढतीचे गुण. डेटा देत नाहीत म्हणून शास्त्रज्ञांना बोल लावणाऱ्यांनी हे मोजायला हवं. अनेकांचं 'नाही' म्हणजे स्वार्थ नसतो. वेळ नसतो, हाताखाली माणूस नसतो आणि केल्याचं श्रेय कुठेच नोंदलं जात नाही. विद्यापीठांनी खुला डेटासंच निबंधाइतका धरला, तर अर्धी तक्रार तिथेच संपेल.

१८ जुलै

गावात बैठक झाली. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीसमोर आम्ही तक्ता ठेवला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने या समित्या आल्या. लोक जैवविविधता नोंदवही करणं हे त्यांचं काम. बऱ्याच ठिकाणी त्या कागदावरच आहेत. इथली समिती बसते, भांडते.

मला वाटलं होतं, लोक म्हणतील काहीच देऊ नका. उलट झालं. शेजारच्या सड्यावर चिरेखाणीची बोलणी चालली आहेत. समितीतल्या एक मावशी उभ्या राहिल्या. "सातबाऱ्यावर काय लिवलंय? पोटखराबा. म्हंजे तिथे काय नाय. कागदावर काय नाय म्हणून तर खाण देतात. तुमचा कागद लावा ना त्याला."

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. सरकारी दफ्तरात सडे पडीक म्हणून नोंदलेले असतात. आंब्याची कलमं लावायला सुरुंग लावून खड्डे करतात, चिऱ्यासाठी कापतात, प्रकल्पासाठी मागतात, आणि दर वेळी 'इथे काहीच नाही' हाच आधार असतो. गुपित राखलं तर कांदे उपटणाऱ्या दोघांपासून वाचेल. जेसीबीपासून वाचणार नाही. जेसीबी अक्षांश-रेखांश शोधत येत नाही.

आणि झाकलेल्या कागदाचा अनुभव या जिल्ह्याला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीच्या कामात रत्नागिरी-सिंधुदुर्गचा प्रश्न नाव घेऊन सोपवलेला होता. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला गेला आणि दाबून ठेवला गेला. माहिती अधिकारात मागितला, नाकारला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने तो देण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही टिकलं नाही, आणि मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. ज्यांच्या गावांबद्दल तो होता, त्यांना तो वाचायला इतके महिने थांबावं लागलं. तेव्हा आम्ही सगळे सरकारवर चिडलो होतो. आता डेटा माझ्या हातात आहे आणि गाव समोर बसलंय.

बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. खाण्याच्या, औषधाच्या झाडांचे गावाने सांगितलेले उपयोग आमच्या तक्त्यात येणार नाहीत. ते गावाच्या नोंदवहीत राहतील. आबांसह ज्यांनी जागा दाखवल्या त्यांची नावं, त्यांची हरकत नसेल तर, डेटा गोळा करणाऱ्यांत येतील. आभारात वेगळी नाहीत. आणि मराठीत एक प्रत ग्रामपंचायतीत राहील.

२९ जुलै

संपादकांना लिहिलं. कुठल्या जागा झाकणार आणि का, याचं कारण एका परिच्छेदात दिलं. त्यांनी मान्य केलं. बऱ्याच भांडारांत ठराविक मुदतीपर्यंत फाइल बंद ठेवण्याची सोय असते. ती फक्त तिसऱ्या प्रकरणाच्या नोंदींसाठी घेतली, एक वर्ष. विद्यार्थिनीने स्वतःच सुचवलं की निबंधाचा डेटा आत्ताच द्यावा. "लोकांना पडताळून पाहता आलं पाहिजे, मॅडम. माझं आहे ते मागून." मला तिचा अभिमान वाटला, आणि तो तिला सांगितला.

रात्री तिचं आणि माझं एकाच गोष्टीवर अडलं. दीपकाडी आणि कंदीलपुष्पं या दुर्मिळ जाती सोडून बाकीच्या जातींची नेमकी जागा द्यायची का? चौकट एकच, तीत सगळ्या जाती शेजारी शेजारी. एकीची जागा दिली की दुसरीची मिळते. शेवटी त्या जाती असलेल्या चौकटी पूर्ण वेगळ्या काढल्या. त्यांची जागा तालुक्यापर्यंतच. उंची काढून टाकली, फोटोंतून भोवताल कापला. थोडा अभ्यासाचा तोटा झाला. तो मी मान्य केला.

९ ऑगस्ट

डेटासंच आज खुला झाला. कायमचा क्रमांक मिळाला, डेटा गोळा करणाऱ्यांत गावातल्या माणसांची नावं आहेत. झाकलेल्या चौकटींच्या नेमक्या जागांची एक प्रत समितीकडे आणि एक विभागाच्या कुलपात आहे. ज्याला अभ्यासासाठी हवी असेल त्याने दोन्हीकडे लेखी विचारावं, उत्तर मिळेल. समितीने शेजारच्या सड्याच्या हरकतीला आमचा तक्ता जोडला आहे. निर्णय अजून आलेला नाही.

हे वाचणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असतील, किंवा त्यांच्या घरातली माणसं. तुमच्या माळ्यावर कोकणातल्या, देशावरच्या, कुठल्याही पठाराच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. तारीख, गाव आणि झाडाचं नाव एवढं वाचता येत असलं तरी पुरे आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या कुणाला तरी बोलवा, पानांचे फोटो काढून घ्या, आणि ज्याने त्या लिहिल्या त्याचं नाव पहिल्या पानावर येईल असं बघा.